‘बिटर’चा तिसरा अर्थ

मू जिंगतायला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी या जगाकडून एकच गोष्ट हवी होती: निंग उस्तादांच्या टेबलावर पडलेल्या एका कागदावर शिक्का. बाकी जगाचं काय वाटेल ते होवो. त्याची बायको रुयिंग चार वर्षं आन्हुईतल्या एका खेड्यात अडकून पडली होती. क्रांतीच्या मोहिमेत शिकलेल्यांना शेतमजुरीला धाडलं तेव्हा या नवराबायकोला एकत्रच धाडलं होतं. मग शांघायात इंग्रजी-चिनी कोश करायचा घाट घातला गेला, इंग्रजी जाणणारी डोकी हवी झाली, आणि तेवढ्यापुरतं मूला परत बोलावलं. रुयिंगला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती राहिली तिथेच. तिची रहिवासाची नोंद गावात, म्हणजे धान्य गावात, औषध गावात आणि मरणही गावातच. गेल्या हिवाळ्यात तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. तिथला वैद्य सहा महिने शिकून आलेला, पण खोटं बोलणारा नव्हता. आणखी एक हिवाळा हिला निभायचा नाही, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं.

तिची नोंद शांघायला आणायचा अर्ज फेब्रुवारीपासून निंग उस्तादांकडे होता. हे निंग उस्ताद सूतगिरणीतले लेथ चालवणारे. विद्वानांवर लक्ष ठेवायला कामगार हवा म्हणून त्यांना कोशाच्या कचेरीवर नेमलेलं. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट असता तर मनातल्या मनात चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

कचेरी होती एका रिकाम्या शाळेत. काम असं चाले: इंग्रजी शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक कार्ड. कार्डावर चिनी अर्थ, खाली वापर दाखवणारं एक वाक्य, त्याचं भाषांतर, आणि कोपऱ्यात लिहिणाऱ्याचं आडनाव. दर शनिवारी कामगार, शेतकरी आणि सैनिक असे तीन पाहुणे यायचे. त्यांच्यासमोर आठवड्याभराच्या वाक्यांचं भाषांतर मोठ्यानं वाचलं जायचं, म्हणजे कोशात विष कालवलं गेलं तर त्यांना वास यावा.

‘ब’ अक्षर दोघांकडे होतं, मू आणि फान शोउयी. एकच टेबल, एकच दौत, आणि कोपऱ्यात दोघांची आडनावं. फान जानेवारीत पोटाच्या दुखण्यानं गेला. त्याच्यामागे उरलेली कार्डं मूनं एकट्यानं पुरी केली. काही फानच्या कच्च्या कागदांवरून उतरवली, काही स्वतः रचली.

‘बिटर’ त्यानं स्वतः रचला. आमच्या माणसाला ‘कडू’ म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ते जुन्या राजवटीतले हाल. त्याची आठवण राहावी म्हणून वर्षातून एकदा कोंड्याची कडू भाकरी सगळ्यांना खावी लागते, ती कुणी विसरत नाही. म्हणून पहिला अर्थ चवीचा, दुसरा दुःखाचा, हे दोन्ही सोपे गेले. वैराचा चौथाही गेला. पण तिसरा? इंग्रजांच्या भाषेत वारासुद्धा ‘बिटर’ असतो. आपला विद्यार्थी हे वाचून चक्रावणार, वारा काय जिभेवर घेऊन चाखायचा? म्हणून मूनं मन लावून वाक्य रचलं. इंग्रजांच्या देशात पूर्वेकडून येणारा वारा गोठलेल्या जमिनीवरून येतो, हाडं फोडतो. त्यानं लिहिलं: पूर्वेच्या बोचऱ्या वाऱ्यापुढे गावात कुणाचं दार उघडेना.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पूर्वेचा वारा म्हणजे आपण, आपली क्रांती, आणि पश्चिमेचा वारा म्हणजे शत्रू, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. शहरातली अर्धी दुकानं, सगळे ट्रक आणि एक सिगारेट त्याच वाऱ्याच्या नावानं चालत होती. मूला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण चाळीस वर्षं शब्दांत बुडालेल्या माणसाला त्या क्षणी समोर फक्त वारा दिसला.

शनिवारी वाक्य वाचलं गेलं तेव्हा गोदीतला पाहुणा बिडी ओढत होता. त्यानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग शांतपणे विचारलं, पूर्वेच्या वाऱ्याला घाबरून दारं लावून घेणारे हे गावकरी कोण म्हणे? खोलीत कुणी मान वर करेना.

सोमवारी निंग उस्तादांनी त्याला बोलावलं. समोर ते कार्ड होतं. कार्डाच्या बाजूला कागदांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर रुयिंगचा अर्ज. त्यांनी तो मुद्दाम वर ठेवला होता की सहज, हे मूला आयुष्यभर कळलं नाही. वरून विचारणा झालीय, ते म्हणाले. आडनावं दोन आहेत, दोघांपैकी कुणाचं ते लिहून द्यावं लागेल.

“मू मास्तर, वाक्य कुणाचं?”

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मूवर अन्याय होईल, किंवा उलट, त्याला फार स्वस्तात सोडल्यासारखं होईल. फानच्या नावावर सतरा वर्षांपूर्वीचा, उजव्या विचारांचा असल्याचा एक ठपका होता. तो पुसावा म्हणून फानच्या विधवेनं अर्ज केला होता. बापाच्या नावावर ठपका असेपर्यंत उत्तरेकडच्या शेतावर धाडलेली तिची मुलगी परत येऊ शकत नव्हती, आणि तिथल्या थंडीनं त्या पोरीच्या पायाची दोन बोटं आधीच नेली होती. हे सगळं मूला माहीत होतं, कारण तो अर्ज त्यानंच लिहून दिला होता. तोही त्याच गठ्ठ्यात होता, थोडा खाली.

मूला रुयिंगचा खोकला ऐकू आला. तिथून, तीनशे मैलांवरून. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, त्यानं स्वतःला सांगितलं. फानला आता कोण काय करणार?

“फानच्या कच्च्या कागदांतलं आहे,” तो म्हणाला. “मी फक्त उतरवलं.”

कच्चे कागद कुठे आहेत, असं उस्तादांनी विचारलं. रद्दीत गेले, असं मूनं सांगितलं. उस्तादांनी हुश्श केलं. जिवंत माणसाला शिक्षा करायची पाळी आली नाही, याचा त्यांना खरोखर आनंद झाला असावा. त्यांनी मूला चहा दिला, आणि त्या कृतघ्न घशानं तो प्यालासुद्धा.

नऊ दिवसांनी रुयिंगच्या अर्जावर शिक्का बसला. एप्रिलात ती आली. स्टेशनावर मूनं तिला ओळखलं ते तिच्या जाकिटावरून. पाठीवर घेतली तर पोत्यातल्या वाळक्या पाल्याएवढी हलकी. गल्लीतल्या त्यांच्या एका खोलीत त्यानं मध्ये पडदा लावला, खिडकीकडची बाजू तिला दिली. इस्पितळातून जडीबुटी मिळू लागली. सकाळसंध्याकाळ मातीच्या भांड्यात काढा उकळायचा, गाळायचा, वाटी तिच्या ओठाला लावायची. तीन आठवड्यांत तिच्या गालावर जरा रंग आला. रक्त थांबलं. मू कचेरीतून पळत घरी यायचा, आणि जिन्यात पाय घसरला तरी हसायचा. रात्री मात्र त्याला झोप लागत नसे. आणि झोप लागत नाही हे तो रुयिंगला सांगत नसे.

मेच्या पहिल्या रविवारी दुपारी फान वहिनी आल्या. बारीक चणीची बाई, कापडाच्या गिरणीत धागे जोडून डोळे अधू झालेले. मूनं स्टूल पुढे केलं, गरम पाणी दिलं. पडद्यामागे रुयिंग खोकत होती.

अर्ज फेटाळला, वहिनींनी सांगितलं. नुसता फेटाळला नाही, जुन्या ठपक्यावर नवा चढवला. पण कचेरीतल्या एका बाईनं वाट दाखवली होती. घरच्यांनी मेलेल्या माणसाची चूक लेखी मान्य केली, त्याच्याशी आपला संबंध तोडला असं लिहून दिलं, तर मुलीचं प्रकरण वेगळं धरता येईल. निदान थंडीच्या जागेवरून दुसरीकडे तरी हलवतील.

“तुमचं अक्षर चांगलं आहे,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही लिहून द्या.”

मूनं कागद काढला. लगेच लिहायला न लागता दोनदा शाई बदलल्याचं सोंग केलं. वहिनींनी आधी विचारलं की ते वाक्य नेमकं होतं काय. एवढं कसलं वाक्य, की ज्यानं पोरीची सुटका अडावी? तेव्हा मूनं त्यांना समजावलं. विद्यार्थ्याला समजावतो तसंच समजावलं, दुसरी कुठली रीत त्याला येत नव्हती. एक अर्थ चवीचा, एक दुःखाचा, एक वैराचा. आणि एक वाऱ्याचा, हाडात शिरणाऱ्या थंडीचा.

“एवढंच?” वहिनी म्हणाल्या. “वारा गार होता, एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग आवाज न चढवता बोलल्या.

“मू मास्तर, नोव्हेंबरपासून यांना लेखणी धरवत नव्हती. हे सांगायचे आणि मी लिहायची. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी काढायची, पण चिनी अर्थ तर मला कळत होते ना? शेवटचा शब्द कुठला होता ते मला माहीत आहे. त्यात वारा नव्हता.”

मूनं लेखणी कागदावर आडवी ठेवली.

“कुणाला जाऊन सांगू?” त्या म्हणाल्या. “सांगितलं तर तुम्ही जाल, या बाईला परत त्या गावात नेऊन टाकतील. माझ्यावर विश्वास कोण ठेवणार, कागद रद्दीत गेले. आणि कुणी ठेवलाच, तरी यांच्यावरचा जुना ठपका आहेच. माझ्या पोरीला त्यातून काय मिळणार? या कागदातून मिळालं तर मिळेल. तेव्हा लिहा. मेलेल्या माणसाला कुणीही झोडपावं, पण हात तुमचाच पाहिजे.”

मू खुर्चीवरून खाली उतरून गुडघ्यावर बसायला गेला. वहिनींनी त्याला बाहीला धरून वर बसवलं, चिडून, पोराला बसवतात तसं. रडायला तुम्हाला नंतर पुष्कळ वेळ आहे, त्या म्हणाल्या, टपाल चारला निघतं.

मग मूनं लिहिलं. मी, फान शोउयीची पत्नी, माझ्या नवऱ्यानं जाणूनबुजून केलेल्या विषारी लिखाणाचा धिक्कार करते. कुठे ‘खोलवर’ घालायचं, कुठे ‘जनतेसमोर’, हे त्याला पाठ होतं. असे कागद त्यानं आपल्या नावानं कितीदा लिहिले होते. वहिनींनी तो त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, एके ठिकाणी थांबवून ‘माझ्या नवऱ्यानं’च्या जागी ‘त्या माणसानं’ करायला लावलं, कमरेच्या पिशवीतून आपल्या नावाचा शिक्का काढून उमटवला. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिल्या. पडद्यामागचा खोकला मघापासून थांबला होता.

निघताना त्या पडद्यापाशी उभ्या राहिल्या.

“रुयिंगताई, औषध वेळेवर घेत जा,” त्या म्हणाल्या. “तुमचं इथं येणं फार महाग पडलंय.”

वहिनी जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी मूनं काढा उकळला, गाळला, वाटी घेऊन पडद्याआड गेला. रुयिंग भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली असेल म्हणून त्यानं वाटी उशाशी ठेवली. सकाळी वाटी तशीच होती. त्यानं तो काढा गरम केला, मग नवा उकळला, दुपारी जेवायला म्हणून खोटं सांगून घरी आला, पुन्हा उकळला. विनवण्या केल्या. मुलगा असता तर त्याची शपथ घातली असती. इस्पितळातून आणलेल्या पुड्या संपत आल्या तरी तिच्या पोटात एक घोट गेला नाही.

तिसऱ्या दिवशी उशीवर पुन्हा लाल डाग दिसला. मू वाटी दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला की तुझ्यासाठी केलं, सगळं तुझ्यासाठी केलं, आता तू असं नको करूस.

रुयिंगनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. वाटी हळूच त्याच्याकडे सरकवली.

“तुम्ही प्या,” ती म्हणाली.