कोळसा मीठ धरत नाही

पाणी इतकं नितळ होतं, की प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईला शंका आली.

कारखान्यात कापड रंगवून उरलेलं पाणी कोळशाच्या टाकीतून जायचं. कोळसा रंग धरून ठेवायचा आणि पाणी पुढे ओढ्याला मिळायचं. सहा महिन्यांत हा कोळसा थकतो. इथे आठवा महिना चालू होता, आणि म्हातारपणी नवे दात यावेत तशी नमुन्याची सकाळची बाटली दिवसेंदिवस उजळत चालली होती. पाणी नक्कीच कुठेतरी मुरत होतं.

बाटली भरून आणायचे तिचे सख्खे काका. टाकी त्यांच्या ताब्यात. तिला नोकरी लागली तीही त्यांच्याच शब्दावर. अहवालावर सही मात्र तिची, आणि मागच्या महिन्यात तिने ती डोळे मिटून केली होती.

तिने मीठ मोजणारा मीटर बाटलीत बुडवला. आकडा जेमतेम हलला.

"काका, यात मीठ कसं नाही? रंग बसावा म्हणून पोत्यानं घालतात ना?"

"कोळशानं खाल्लं असेल."

"कोळसा रंग धरतो, मीठ धरत नाही."

"शिकलात म्हणून आता स्वच्छ पाण्यातही खोट काढा." काका निघाले, पण दारात थबकले. "असायलाच हवं का गं मीठ?"

तो प्रश्न तिच्या डोक्यातून दिवसभर हलला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या बाटलीत आकडा सरसर चढला. तिला क्षणभर हायसं वाटलं. मग तिने बाटली खिडकीशी धरली. तळाशी मिठाचे चार खडे विरघळायचे राहिले होते.

तिने बाटली मोरीत ओतली आणि रिकामी उचलली. "चला, आज मी भरते."

"टाकीचा जिना निसरडा आहे, पडशील."

"मग हात धरा."

टाकीखालचा नळ सोडला, तर पाणी जांभळं आलं.

"नवा कोळसा चारदा मागितला," काका नळाकडे बघत म्हणाले. "मालक म्हणाले, बाटली स्वच्छ येतेय तोवर कशाला? अन् मळकी आणली, तर ठपका टाकीवाल्यावर."

तिने अहवालात रंगाच्या रकान्यात 'जांभळा' लिहिलं. पुढचा रकाना होता, नमुना कोणी भरला.

"माझं नाव घालतेस?"

"आजची मी भरली."

तिने स्वतःचं नाव लिहिलं. काकांनी श्वास सोडला. तेवढ्यात तिने काकांचं नाव आणि आपली सही असलेला मागच्या महिन्याचा अहवाल शेजारी ओढला आणि पेनाचं टोपण काही लावलं नाही.