रुखमाची चंद्रकळा

गोजरबाईनं मूठभर हिरडे पाट्यावर टाकले आणि वरवंट्याचा असा दणका दिला, की टरफलं एकीकडं अन् बिया ओसरीभर झाल्या. समोर उभी असलेली पोर दचकून मागं सरली.

"सांगतलं ना एकडाव? काळं रंगवनं सोडलं मी."

पोरीचं नाव अंबू. धामणगाव बढ्याच्या इंद्रभानची ही दुसरी बायको. पहिली गोजरबाईची रुखमा. मागच्या साली मानमोडीची साथ आली, इथं देऊळघाटात घराघरांतून मढी निघाली, आणि तिकडं धामणगावात ऐन दिवाळीच्या तोंडावर रुखमा गेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहिली संक्रांतसुद्धा पाहिली नाही लेकरानं. आणि आता हा जावई! गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडून स्वतः तिथंच बसला, अन् नव्या नवरीला संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेसाठी धाडलं कुठं, तर रुखमाच्या आईकडं. लाज कोळून प्यालाय मेला, असं गोजरबाईच्या अगदी ओठावर आलं होतं.

"बाजारात लुगडे सरले का?" ती म्हणाली. "तितं जाय न बाई. मले काऊन छळतं?"

"हे बी तेच म्हनत होते, बाजारातून घे. मीच आली हट्टानं." अंबूनं गळ्यातला दोरा ओढून चांदीचा टाक बाहेर काढला. "माह्यासाठी नाही. इच्यासाठी आली."

गोजरबाईचा वरवंटा थांबला. मेलेली पहिली बायको दुसरीच्या गळ्यात जन्मभर राहते, ही रीत तिला ठाऊक का नव्हती? नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. पण त्या टाकात आपली लेक असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"इची पयली संक्रांत राह्यली ना," अंबू खालमानेनं म्हणाली. "मायच्या हातचं असलं तर इले बरं वाटंल, म्हनून."

गोजरबाईनं हात पदराला पुसले आणि टाक चिमटीत धरला. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, नाकाच्या जागी एक रेघ. कुणाचाही म्हणून खपला असता. अन् रुखमाचं नाक कसं होतं! ती उठून आत गेली.

आली ती एक पिवळट लुगडं घेऊन. रुखमासाठीच तिनं ते हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलं होतं. लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की काळं होणार, एवढंच उरलं होतं, तेवढ्यात सांगावा आला. तेव्हापासून तिनं त्या पाण्याच्या मडक्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. गंजके नाल, खिळे आणि गूळ घालून आंबवलेलं पाणी ते. मधूनमधून गुळाचा खडा टाकावा लागतो, नाही तर मरतं. आता ते मेलंच असणार.

तिनं झाकण काढलं, तर आंबूस वास भसकन नाकात शिरला. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. निवृत्ती खांबाशी बसून सुपातली टरफलं निवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"गूळ उरला व्हता," तो म्हणाला.

गोजरबाईनं पाणी घंगाळात गाळून घेतलं आणि लुगडं बुडवलं. पिवळं कापड आधी राखेसारखं झालं, वारा लागला तसं काळवंडलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा पसरलं. काळाभोर रंग चढला. अंबू तोंडाला पदर लावून बघत राहिली.

उन्हं कलताना लुगडं वाळलं. गल्लीच्या तोंडाशी बैल जुंपल्याची घुंगरं वाजली. गोजरबाईनं लुगड्याची घडी मोडली, पदराचं टोक घेतलं आणि अंबूच्या गळ्यातल्या टाकावर हलकेच पांघरलं. नेसत्या लेकीचा पदर सारखा करावा तशी तिची बोटं फिरली.

"डोक्यावर पदर घे, रुखमे," ती म्हणाली. "सासरी चालली तू."

अंबूनं खांद्यावर घसरलेला आपला पदर घाईघाईनं ओढून डोक्यावर घेतला.

"हाव, माय," ती म्हणाली.