उताराखालचा आवाज

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, तरी ओळखलं नसेल. पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात, बंद पडलेल्या मीटरांच्या ढिगामागे भिंतीला टेकून उभी असलेली ती गंजलेली सळई म्हणजे मी. माझ्या वरच्या टोकाला लाकडाची एक छोटी वाटी आहे. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं आणि वाटीला कान लावायचा, की जमिनीखालच्या पाइपातलं पाणी ऐकू येतं. कुठे गळत असेल, तर तेही ऐकू येतं. म्हणून खात्यातली माणसं मला कानकाठी म्हणायची.

माझा जन्म खात्याच्याच कार्यशाळेत झाला. लोहारानं सळई तापवून सरळ केली आणि सुतारानं वाटी कातली. सुताराला जरा कमी ऐकू यायचं. त्यानं वाटी सात-आठ वेळा कानाला लावून पाहिली आणि म्हणाला, "मला ऐकू आलं ना, म्हणजे आता कुणाचीच तक्रार नको!"

पहिली काही वर्षं मी चावीवाल्या काकांच्या हातात काढली. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह भल्यामोठ्या चावीनं उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. वय तिशीच्या जरा पुढे, पण केस लवकर पिकलेले, म्हणून अख्खं खातं त्यांना काका म्हणायचं. कोणता व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद होतो, हे त्यांना पाठ होतं. "दवाखान्यासमोरचा छत्तीस," ते सांगायचे, "पण शेवटचा फेरा रुसतो. त्याची जरा मनधरणी करावी लागते."

मग एक दिवस खात्यात एक नवी इंजिनिअर आली. तेवीस वर्षांची, पायात पुरुषी बूट, खांद्याला नकाशांची नळकांडी. ऑफिसातल्या लोकांनी तिला कागदांची एक खोली दाखवली आणि पंखा चालतो असं सांगितलं. तिनं पंख्याकडे पाहिलं नाही. ती थेट अंगणात आली आणि काकांना म्हणाली, "मला पाइप बघायचेत."

"पाइप दिसत नाहीत, बाई," काका म्हणाले. "ऐकावे लागतात."

त्यांनी मला तिच्या हातात दिलं. तिनं कान लावला आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. शेवटी ओशाळून म्हणाली, "काहीच ऐकू येत नाही."

"छान! म्हणजे इथे सगळं ठीक आहे."

ती हसली. त्या दिवसापासून ती आमची बाई झाली. चांगल्या पाइपातलं पाणी कसं घुमतं, सैल जोडातून कसं फुसफुसतं, मोठ्या भेगेतून कसं खरखरतं, हे काकांनी तिला गल्लीगल्लीतून हिंडून शिकवलं. लोक गंमत करायचे. "काय मॅडम, जमिनीला ताप आलाय का?" तिची आई फोनवर कुरकुरायची, "चार वर्षं घासून इंजिनिअर झालीस, आणि काठी घेऊन कसली फिरतेस?" बाई ते काकांना सांगायच्या आणि दोघं पोट धरून हसायचे.

त्या काळात आमचं फार कौतुक झालं. एकदा बाजारातल्या रस्त्यावर तीन दिवस खोदूनही गळती सापडत नव्हती. बाईंनी मला चार ठिकाणी टेकवलं, पाचव्या ठिकाणी खडूनं फुली मारली आणि म्हणाल्या, "इथे." खड्डा हातभर गेला आणि पाण्याचा फवारा मुकादमाच्या तोंडावर उडाला. त्या दिवशी भिजलेल्या मुकादमासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्षं गेली. बाईंच्या दारावर 'वरिष्ठ अभियंता' अशी पाटी लागली. आता कोणता जुना पाइप यंदा बदलायचा आणि कोणता पुढच्या वर्षी, कुठे दाब वाढवायचा, कुठे कमी करायचा, हे त्या ठरवत. त्यांच्या सहीशिवाय शहरातला एकही जोड उघडत नसे. खात्यात गळती शोधणारी नवी यंत्रं आली. त्यांना पडदा होता, कानाला लावायच्या मऊ गाद्या होत्या. माझ्या बहिणी एकेक करून भंगारात गेल्या. बाईंनी मात्र मला आपल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला, छत्रीशेजारी उभं केलं. दर गुरुवारी सकाळी त्या मला घेऊन निघायच्या. काका सोबत असायचेच.

अशाच एका गुरुवारी आम्ही पायऱ्यांच्या गल्लीत गेलो. ही गल्ली उतारावर आहे. गाड्या येत नाहीत, त्यामुळे दिवसाही शांत असते. वरच्या बाजूला बिडाचा एक जुनाट मोठा पाइप जातो, त्याच्याखाली उताराला धरून ठेवणारी उंच दगडी भिंत आणि भिंतीच्या पायथ्याशी अकरा घरं. काकांनी आधी ऐकलं. मग मला बाईंकडे दिलं.

तो आवाज मला आजही आठवतो. फुसफुस नव्हती, खरखर नव्हती. कुणीतरी दूरवर ओल्या वाळूचे ढीग ओढत असावं, तसा आवाज.

"पाणी माती ओढून नेतंय," काका म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

त्या दिवशी दुपारीच त्यांनी टिपण लिहिलं. पाइप ताबडतोब बंद करावा, भिंतीमागे खोदून पाहावं. टिपण वाचून मुख्य अभियंता, म्हणजे आमचे मोठे साहेब, स्वतः बाईंच्या खोलीत आले. मी कोपऱ्यातून सगळं ऐकत होते. साहेब वाईट माणूस नव्हते. ते थकलेले होते.

"बाई, ही लाइन आज बंद केली, तर दवाखान्याला पाणी कुठून देऊ? अर्धं शहर या एका पाइपावर आहे. उन्हाळा बघताय ना?"

"साहेब, पाणी भिंतीच्या मागे जातंय."

"दोन आठवड्यांत नवी लाइन जोडली जाईल. तोवर दाब कमी करू. रोज माणूस पाठवून ऐकू." साहेब समोरच्या खुर्चीत बसले. "तरीही तुम्ही नाही म्हणालात, तर मी आत्ता बंद करतो. हे काम तुम्हाला कळतं, मला नाही. फक्त एवढं सांगा, भिंत दोन आठवडे धरेल का?"

बाई खिडकीपाशी गेल्या. टेबलावर दवाखान्याचं पत्र होतं. भाजलेल्या रुग्णांच्या विभागाला रोज किती पाणी लागतं, ते त्यात लिहिलेलं होतं. त्या पत्राकडे त्यांनी दोनदा पाहिलं.

"धरेल," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी सही केली.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. ऐकणं एवढंच मला येतं, बोलणं येत नाही. बोलता आलं असतं, तर मी त्या दिवशी बोलले असते.

रोज ऐकायला काकाच जाऊ लागले. दुसऱ्या कुणावर बाईंचा भरवसा नव्हता. आठ दिवस तोच आवाज येत राहिला. नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास काकांनी मला टेकवलं, कान लावला आणि पुन्हा लावला. मग दहा पावलं खाली जाऊन परत लावला. त्यांनी खिशातून फोन काढला.

"बाई, आवाज बंद झालाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दोघांनाही कळलं होतं. गळती थांबली नव्हती. भिंतीमागे पोकळी झाली होती, ती पाण्यानं काठोकाठ भरली होती, आणि म्हणून आवाज बुडाला होता.

"काका, घरं रिकामी करा," बाई म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. त्या जिन्यावरून धावत असाव्यात. "आधी माणसं काढा. मी वरच्या टाकीवर माणूस पाठवते, तो तिथून बंद करेल."

काका पायऱ्या उतरत ओरडत सुटले. दारं बडवली. एका घरात बाळंतीण होती, तिला शेजारणींनी उचलून नेलं. एक म्हातारे गृहस्थ चष्मा सापडेपर्यंत निघेनात, तर काकांनी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं. पाव तासात अकराही घरं रिकामी झाली. सगळे वरच्या वळणावर, इस्त्रीच्या दुकानापाशी जमले. तेवढ्यात भिंतीच्या एका सांध्यातून गढूळ पाणी झिरपू लागलं.

काकांनी परत फोन लावला. "बाई, वरून बंद व्हायला किती वेळ?"

"अजून अर्धा तास. काका, तुम्ही वरच थांबा."

"अर्धा तास म्हणजे फार झाला. भिंत खाली आली, तर पाणी या घरांवर थांबणार नाही. खालच्या रस्त्यावर जाईल. शाळा आहे तिथे."

"शाळेत मी फोन करते. काका, ऐका माझं. त्या व्हॉल्व्हकडे जायचं नाही."

वरचा पाइप गल्लीतूनच बंद करणारा तो व्हॉल्व्ह भिंतीच्या अगदी पायथ्याशी होता.

"एक्केचाळीस फेरे आहेत," काका म्हणाले. "सात-आठ मिनिटांचं काम. घाबरू नका."

त्यांनी फोन खिशात टाकला. इस्त्रीवाली दुकानाबाहेर उभी होती. मला त्यांनी तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ही जरा धरा, ताई. आलोच." खांद्यावर नेहमीची मोठी चावी घेऊन ते पायऱ्या उतरले.

वरून आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. ते चावीभोवती फिरत होते. घाई नव्हती, थांबणंही नव्हतं. इस्त्रीवाली फेरे मोजू लागली. तिच्यामागे आणखी दोघं मोजू लागले. एक्केचाळीसावा फेरा झाला. मग काकांनी चावी काढून घेतली, वर पाहून हात केला, आणि भिंत आली.

बाई पोहोचल्या तेव्हा धूळ खाली बसत होती. दगडांखालून पाणी वाहत नव्हतं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला होता. अकरा घरांपैकी चार पडली. शाळेच्या अंगणात चिखलाचा एक ओहोळ गेला, एवढंच. माणूस एकच गेला.

पुढे चौकशी बसली. मोठे साहेब पुन्हा बाईंच्या खोलीत आले. त्यांचेही डोळे सुजलेले होते. "पाइप जुना होता, एवढंच लिहा," ते म्हणाले. "खरं तेच आहे ना?"

"खरं आहे, साहेब. पण पुरं नाही."

बाईंनी दोन ओळी लिहिल्या. 'मला आवाज ऐकू आला होता. भिंत धरेल असं मीच सांगितलं.'

त्यांना ताकीद मिळाली, बढती गेली. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. पण एका दुपारी काकांची लेक आली. ती परिचारिका होती, त्याच दवाखान्यात. काकांच्या कपाटातला डबा, स्वेटर आणि रबरी बूट न्यायला ती आली होती. पिशवी छातीशी धरून ती बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाबा घरी सांगायचे, बाईंसारखा कान कुणाचा नाही. मला एवढंच विचारायचंय. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं होतं, बाळ."

"मग?"

बाईंचा हात ड्रॉवरकडे गेला. दवाखान्याचं पत्र ड्रॉवरमध्येच होतं. त्यांनी ते काढलं नाही. "मग मी थांबू म्हटलं," एवढंच म्हणाल्या.

लेकीनं पिशवी खांद्याला अडकवली. रागावली नाही, रडली नाही. "बरं," म्हणाली आणि गेली. तिनं दार हळूच लावून घेतलं होतं. मला वाटतं, तिनं ते आपटलं असतं, तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्यानंतर बाईंनी मला एकदाच हातात घेतलं. गुरुवार होता. त्या एकट्याच निघाल्या, एका गल्लीत मला टेकवलं आणि कान लावला. लगेच काढला, पुन्हा लावला. पाण्याऐवजी मला त्यांच्याच छातीचे ठोके ऐकू आले. परत येऊन त्यांनी मला भांडारात जमा केलं.

नोकरीच्या उरलेल्या वर्षांत त्यांनी शंका आली की पाइप बंद केला. कुणाचं ऐकलं नाही. लोक फोनवर वाटेल ते बोलायचे, वर्तमानपत्रांत नावं ठेवायचे. त्या ऐकून घ्यायच्या. हे मला भांडारात येणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून कळायचं.

मित्रांनो, आता माझ्या वाटीला कीड लागली आहे. मला घासूनपुसून काचेच्या पेटीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या पायाखाली पाइप आहेत, आणि ते जपणारी माणसं आहेत. ती दिसत नाहीत, म्हणून त्यांना विसरू नका. आणि तुमच्यातलं कुणी म्हणालं की इथे काहीतरी बिनसलंय, तर त्याला थांबायला सांगू नका. तो आवाज तुमच्यासाठी थांबणार नाही.

गेल्या महिन्यात भांडाराचं दार उघडलं आणि बाई आत आल्या. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली आहेत. भांडारपालानं खुर्ची पुढे केली. "काही हवं होतं का, मॅडम?"

"नाही. सहज आले."

त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रुमालानं त्यांनी माझी वाटी पुसली. कान लावतील असं मला वाटलं. नाही लावला. खाली फरशीकडे पाहून त्या म्हणाल्या, "इथे ओल येतेय. वरची नळी गळतेय."

"बघतो, मॅडम. सोमवारी माणूस बोलावतो."

"आत्ता बघा," बाई म्हणाल्या. आणि तो शिडी घेऊन येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.