त्याच हातची वेल

दार दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा जगदेवी धान्याच्या पेवाच्या तोंडावर फरशी ओढत होती. खाली तिचा नवरा, पंचाक्षरी, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. हद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात त्यानं निरोप पोचवल्याची कुणकुण लागल्यापासून रझाकार त्याच्या मागावर होते. तिनं फरशीवर ज्वारीचं पोतं लोटलं, पदर सावरला आणि कडी काढली.

दारात त्यांचा जमादार उभा होता. काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. बंदूकवाले दोघं मागं गल्लीत थांबलेले.

"नक्षीवाला कुठं हाय?"

"सोलापूरला. संक्रांतीलाच गेलेत."

तो आत आला. पोत्याशी थबकला. पण त्याची नजर कोनाड्यात होती. तिथं चांदीची एक डबी होती. गळ्यात इष्टलिंग बांधायची, अर्धवट कोरलेली. ती घेऊन तो उजेडात गेला. कळीतून पान निघालेलं, पानातून देठ, आणि देठ वळून पुन्हा कळीत शिरलेला. त्याचा राकट अंगठा वेलीवरून हलकेच, जपून फिरत गेला. मग थांबला.

जुनी पानं काळवंडली होती. शेंड्याकडची मात्र लखलखत होती.

"संक्रांतीला गेला म्हणतीस," तो हळूच म्हणाला. "हे पान तर कालचं हाय."

जगदेवीनं हात पदराखाली घेतले.

जमादार त्याच पोत्यावर टेकला आणि फडकं सोडलं. आत पितळी पानदान होतं.

"अम्मीचं हाय. तिला आता दिसत न्हाय, बोटानं बघती. बघून बघून वेल झिजली." त्यानं पानदान तिच्यापुढं ठेवलं. "बीदर झालं, उदगीर झालं. असा हात कुठं गावला न्हाय. जुम्म्याला येतो म्या. हाच हात पायजे."

तो उठला. गल्लीतून त्याचा चढा आवाज आला, "चलो! बाई एकटीच हाय."

पावलं विरल्यावर तिनं पोतं ओढलं. पंचाक्षरी घामानं निथळत वर आला.

"तिन्हीसांजेला ओढ्यानं निघा," ती म्हणाली. "त्याला समदं समजलंय."

"मग धरून का न्हेलं न्हाय?"

तिनं पानदानाकडं बोट दाखवलं. त्यानं ते उचललं. झिजल्या देठावर त्यानं नख फिरवलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"बाच्या हातचं हाय गं. आण्णांच्या."

"आवं, जीव मोठा का वेल?"

तो छिन्नी शोधत होता. खाली बसला आणि हातोडीचा पहिला ठोका पडला. ती दचकली. ठोका थेट गल्लीत गेल्यासारखा तिला वाटला. तिनं दाराकडं पाहिलं, मग त्याच्या वाकलेल्या पाठीकडं.

मग ती जात्यापाशी जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी खुंटा धरून फिरवू लागली. घरघर वाढत गेली, तसे ठोके तिच्यात बुडाले. ती थांबली नाही. जात्यात एक दाणाही नव्हता.