कॅमेऱ्याच्या मागे

घर पूर्वमुखी आहे. गच्चीवर पापड वाळत आहेत. बसस्टँड जवळ आहे. ओढणी हिरवी आहे.

अचलपूरच्या माहेरच्या घराची ही जाहिरात इफ्फत अकोल्यात बसून सारखी उघडायची. मोबाइलवर बोट फिरवलं की खोली चारी बाजूंनी फिरायची, आणि प्रत्येक खोलीत हिरव्या ओढणीतली अम्मी दिसायची.

फोटो काढायला अमरावतीहून दलाल केयूर आला, तेव्हा आपण मध्ये यायला नको म्हणून अम्मी प्रत्येक खोलीत कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. चारी बाजूंचं एकदम टिपणाऱ्या त्या कॅमेऱ्याला मागची बाजूच नव्हती, हे तिला कोण सांगणार? पुढच्याच महिन्यात ती वारली.

आज केयूरचा फोन आला. "ताई, मिठाई चारा! घर विकल्या गेलं. तुमचे भाऊ हो म्हणाले."

"इतक्या लवकर?"

"साइटवर दिसते ना, घर किती वेळा पाहिल्या गेलं ते. तो आकडा पाहून गिऱ्हाईक घाबरलं, घर हातचं जाईन म्हणून. म्हणे, आजच इसार घ्या."

आकडा आपल्याच बोटानं वाढला, हे इफ्फतला कळलं.

"जाहिरात राहू दे ना, दादा."

"कावून? विकलेलं घर कोणाले दाखवू?" तो हसला. "अम्मी आहे त्यात," ती म्हणाली. त्याचं हसू थांबलं. "संध्याकाळपर्यंत ठेवतो, ताई."

तिनं स्वयंपाकघर उघडलं आणि अम्मी उभी होती तिकडे बोट फिरवलं.

घर विकून अकोल्यात इफ्फतच्या शेजारी राहायचं, हे अम्मीनंच ठरवलं होतं.