धक्क्याजवळची खारफुटी

पाहुण्यांनी लावलेली रोपं त्यांची बोट दिसेनाशी झाली की उपटायची, हे माझं काम. बेट एवढंसं, आणि धक्क्याजवळचा चिखलाचा पट्टा त्याहून चिमुकला. पुढच्या बोटीतल्यांना जागा नको? खारफुटी लावून बेट वाचवल्याचा फोटो काढल्याशिवाय आमच्या रिसॉर्टमधून कुणी परतत नाही. उपटलेली रोपं बादलीत ठेवायची, पुन्हा द्यायची. तीन-चार हात लागले की ती मान टाकतात. मग फेकायची.

ती फेकलेली मी घरी न्यायला लागले. आमच्या परसाला समुद्र खात आलाय; न्हाणी तर गेलीच. सासूबाई आधी हसल्या. "लोकांच्या सुना दागिने आणतात, आमची पालापाचोळा." पण नातीला कडेवर घेऊन त्याच माझ्यासोबत गुडघाभर चिखलात रोवायला यायच्या. निम्मी मेली. उरलेल्यांनी मुळं धरली, नवी पानं काढली. भरतीची लाट त्या ओळीपाशी अडखळायला लागली तेव्हा सासूबाई लाटेला म्हणाल्या, "आता कशी?"

पुढे हवा बिघडली. रोपांची होडी आली नाही, पाहुणे मात्र आले. मॅनेजर आमच्या दारात.

"ताई, तुमच्याकडे बरीच आहेत म्हणे."

"मुळं धरलीत, साहेब. आता काढली तर जगायची नाहीत."

"पण रोपं रिसॉर्टचीच ना?"

"फेकलेली होती."

"फेकायलाच सांगितलं होतं. घरी न्यायला कुणी सांगितलं?" आवाज अगदी गोड. "तुम्ही इथे, नवरा आमच्याच बोटीवर. बघा बुवा."

सासूबाई आत गेल्या. "दे बाई," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या कुणी ओढली असती, म्हणून मीच काढली. बोटांनी चिखल उकरून, एकेक.

पाहुण्यांत एक बाई होती, कडेवर माझ्या लेकीएवढंच बाळ. माझ्या लेकीचं नाव विचारून तिने ते चिठ्ठीवर लिहिलं, आपल्या रोपाला बांधलं. "ती मोठी होईल तसं हेही होईल," म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. खरंच चांगली होती. राग तरी कसा धरू?

"हो," म्हटलं.

बोट गेल्यावर सगळी घरी आणून परत लावली. लेकीच्या नावाचंही. एकानेही जीव धरला नाही.

परवा सासूबाईंनी परसाकडच्या स्वयंपाकघरातली भांडी पुढच्या खोलीत आणून मांडली.