भीतीवरची धुरी

सासूबाईंनी निखाऱ्यांवर मोहरी, मिरच्या आणि कडुलिंबाचा पाला टाकला आणि दार लावून घेतलं. आमच्या अहेरीकडे माणूस झोपेत ओरडायला लागला, की त्याला काहीतरी लागलं म्हणतात आणि धुरी देतात. मी अंगणात भांडी घासत होते. आतून आधी खोकला ऐकू आला, मग खोकलाही येईना. मी राखेच्या हातांनीच दार लोटलं.

हे, म्हणजे माझा नवरा अजय, जमिनीवर हात टेकून बसले होते. ओठ निळे पडलेले. मी घागर उचलली आणि निखाऱ्यांवर पालथी केली.

"देवाच्या धुरीवर पाणी टाकतं का वं!" सासूबाई ओरडल्या.

"दमा हाये त्याईले, माय! धूर चालत नाई!"

सासूबाई जागच्या जागी थिजल्या. पोटच्या पोराचा दमा त्यांना ठाऊकच नव्हता. औषधाचा पंप मला यांच्या बुटात सापडला. हे ज्या बचाव पथकात आहेत, तिथली माणसं हसतात म्हणून हा गडी औषध बुटात लपवतो आणि घरात मायपासूनही चोरून ओढतो!

पावसाळ्यात प्राणहितेला पूर आला, तेव्हा यांनी झाडावर अडकलेल्या एका म्हाताऱ्याला नावेत ओढून घेतलं. त्याच्या बायकोचा हात मात्र निसटला. तेव्हापासून यांची झोप गेली, डोळा लागला की ओरडत उठतात. कचेरीत शाल-श्रीफळ मिळालं, फोटो निघाला. झोप येते का रे बाबा, हे एकानंही विचारलं नाही. जीव वाचवणाऱ्याला स्वतःचा जीव नसतोच बहुतेक! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, धूर, धूळ, ओल तर आहेच, पण मन भ्यालं तरी छाती आवळते. ते मी पथकप्रमुख प्रणितभाऊंच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "वाघ हाये तुमचा नवरा, वहिनी." उन्हाळ्यात हेच पथक वणवा विझवायलाही जातं. वाघाला कुणी वणवा विझवायला पाठवत नाही, एवढं तरी समजावं ना माणसाला.

यांचा श्वास जरा कुठे परतला आणि दारात जीप थांबली. प्रणितभाऊच.

"जंगल पेटलं, अजय. बूट घाल, चल."

"पाहून नाई राह्यले का, भाऊ? बोलता येऊन नाई राह्यलं त्याईले."

"थोडंसंच काम हाये, वहिनी. पंप घेऊ दे संग. फक्त फोटोवाल्याईसमोर ओढू नको म्हणा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासूबाई माझ्याआधी पुढे झाल्या.

"म्या माय असून धूर देल्ला, मले मालूम नव्हतं म्हून. तुले तं मालूम हाये ना? मंग काऊन नेऊन राह्यला त्याले धुरात?"

हे भिंतीला धरून उठले.

"मी नाई येत, भाऊ. मले भेव लागते. त्या बाईचा हात रोज सुटते."

आळीतली माणसं गोळा झाली होती. कुणीही हसलं नाही. प्रणितभाऊंनी मान फिरवली, फोन काढला आणि स्पीकरवर टाकला. "दिनेश? अजय येऊन नाई राह्यला. तू बूट घाल."

दिनेश म्हणजे त्या दिवशी नावेत यांच्या शेजारी बसलेला, त्याच बाईचा दुसरा हात धरलेला माणूस.

यांनी प्रणितभाऊंच्या हातातून फोनच ओढून घेतला. "दिनेश, मी अजय. तुले झोप येते का बे?"

मग फोनमधून एका मोठ्या माणसाचं रडणं सगळ्या आळीनं ऐकलं.